पिवळं काडतूस

भाऊजींना नेमबाजीचा नाद लावला तो गॅरेजवाल्यानेच. भाऊजी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचे, ताईचे, यजमान. धंदा घड्याळदुरुस्तीचा. दिवसभर डोळ्याला भिंग लावून, श्वास रोखून तिळाएवढे स्क्रू चिमट्यात धरायचे. "जरा मोकळ्या हवेत चला, नाहीतर एक दिवस तुम्हालाच किल्ली द्यावी लागेल," असं म्हणत त्याने त्यांना क्लबच्या मैदानावर नेलं. तिथे यंत्रातून मातीच्या थाळ्या हवेत उडायच्या आणि त्या बंदुकीने टिपायच्या. भाऊजींची एखादीच फुटायची; पण फुटली की माणूस आठवडाभर खुशीत असायचा.

गॅरेजवाल्याकडे बंदुका दोन. जुनी एकनळी बारा बोरची, ती तो आणि भाऊजी आळीपाळीने चालवायचे. दुसरी हलकी, वीस बोरची, बायकोसाठी. यातला हिशेब उलटा असतो, आकडा मोठा तेवढं काडतूस बारीक. त्याची बाराची काडतुसं लाल होती, विसाची पिवळी. क्लबचे प्रशिक्षक, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, दर वेळी बजावायचे, "दोन रंग एका खिशात नकोत." गॅरेजवाला मान डोलवायचा आणि सोडून द्यायचा. आजवर काही झालं नाही म्हणजे होणारही नाही, अशी त्याची समजूत होती.

त्या सकाळी जाकिटाच्या खिशात बायकोची उरलेली पिवळी काडतुसं तशीच होती. त्यावरच त्याने मूठभर लाल ओतली. भाऊजींची पाळी आली तेव्हा तो शेजारच्याला कुणाच्या तरी गाडीच्या गिअरबॉक्सचा किस्सा सांगत होता. बोलता बोलताच खिशात हात घातला आणि हाताला लागलं ते काडतूस भाऊजींच्या तळव्यावर ठेवलं.

थाळी उडाली. भाऊजींनी चाप ओढला. नुसतं टिक झालं.

"अहो भाऊजी, भरली तरी होती का?" गॅरेजवाला हसला. मागचेही हसले.

भाऊजींनी बंदूक बिजागरीतून उघडून पाहिली. काडतुसाची जागा रिकामी. ते ओशाळले. "विसरलो वाटतं," म्हणाले आणि त्यांनी दुसरं काडतूस मागितलं. हे लाल होतं.

पुढचा आवाज नेहमीचा नव्हता. गॅरेजवाल्याच्या तोंडावर काहीतरी गरम उडालं. धूर निवळला तेव्हा भाऊजी उभेच होते, उजव्या हातात बंदुकीचा दस्ता. नळी केळ्याच्या सालीसारखी उलगडली होती. डाव्या हाताकडे, तो दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखे, ते बघत होते.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात मास्तरांनी खालच्या आवाजात सांगितलं. बारीक काडतूस मोठ्या नळीत मागच्या बाजूला थांबत नाही, पुढे सरकून अडकतं. चाप ओढला तरी त्याला ठोका बसत नाही, आणि उघडून पाहिलं तर जागा रिकामी दिसते. मागे दुसरं भरलं की बार पुढच्यावर आदळतो आणि नळी फाटते, नेमकी डाव्या हाताखाली. "टिक झालं की नळीतून पलीकडचा उजेड दिसतो का, ते बघायचं असतं," ते म्हणाले. गॅरेजवाल्याने खिशात हात घातला. उरलेली पिवळी बोटांना लागली.

ताई बाकावर बसली होती. तो तिच्यापुढे जाऊन उभा राहिला. मास्तरांनी सांगावं, त्यापेक्षा आपणच सांगावं.

"ताई, काडतूस मीच दिलं. चुकीचं. न बघता."

ताईने मारलं असतं तर बरं झालं असतं. तिने फक्त त्याच्या गालावरचा काळा डाग पाहिला, पदराने पुसायला हात उचलला, आणि तसाच मागे घेतला.

डाव्या हाताची दोन बोटं गेली. अंगठा राहिला, पण ताठ. शुद्धीवर आल्यावर भाऊजींनी आधी घड्याळं कुणाकुणाची द्यायची राहिलीत ते विचारलं. मग मेहुणा रडायला लागलेला पाहून म्हणाले, "एकट्याने रडू नकोस. पिवळं होतं ते. मी पाहिलं होतं."

पायथ्याशी उभी असलेली ताई पुढे आली.

"पाहिलं होतंत?" ताईने विचारलं.

"हातात हलकंही लागलं. म्हटलं, विचारावं का? पण हा एवढा जाणकार, आणि मागे चारजण उभे. म्हणतील, घड्याळवाल्याला लाल-पिवळंसुद्धा कळत नाही. मग गप्प बसलो."

"हसतील म्हणून?" ताईचा आवाज चिरकला. "हसतील म्हणून हात घालवलात? आणि तू रे, तू हसतच होतास ना?" ती उठून बाहेर गेली. तिचा राग आता कुणा एकावर टाकता येत नव्हता, म्हणून दोघांवरही तो दुप्पट झाला.

भाऊजी घरी आल्यावर गॅरेजवाला रोज दुपारी दुकानात जाऊ लागला. डाव्या हाताचं काम तो करायचा: घड्याळ धरायचं, भाऊजी उजव्या हाताने ते उघडणार. त्याची बोटं पाने फिरवून राकट झालेली. स्क्रू उडायचे, दोघे गुडघ्यांवर येऊन फरशीवर शोधायचे. "गाडीचं इंजिन नाही ते!" भाऊजी चिडायचे. एकदा खरोखरच ओरडले, "जा तू! तुझा हात बघवत नाही मला." तो गेला, आणि दुसऱ्या दुपारी पुन्हा आला.

ताई त्याच्याशी थेट बोलत नव्हती. "त्याला सांगा, दार लोटून घे," एवढंच, तेही नवऱ्यामार्फत.

मग एका दुपारी भाऊजी एका बायकी मनगटी घड्याळाचा केसासारखी बारीक स्प्रिंग बसवत होते. गॅरेजवाल्याच्या हाताला कंप सुटला. कितीही आवरला तरी आवरेना. ताई आतून आली, काही क्षण बघत राहिली, मग स्टूल ओढून त्याच्या शेजारी बसली आणि त्याचं मनगट आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरलं.

"हलू नकोस," ती म्हणाली. त्याच्याकडे न बघता, पण त्यालाच.

भाऊजींनी भिंग डोळ्याला लावलं.