शून्य किमतीची काठवट

मित्रांनो, भाकरीचे पीठ ज्यात मळतात आणि थापतात ते लाकडाचे पसरट भांडे तुम्ही कधी पाहिले आहे का? त्याला काठवट म्हणतात. मी तशीच एक काठवट आहे. वय चाळीसच्या पुढे. देवगाव रंगारीच्या सखाराम सुताराने मला बाभळीच्या अखंड खोडातून कोरून काढले आणि म्हाळसाबाईच्या लग्नात मी तिच्या सासरी आले.

ते घर मेंढपाळांचे. वर्षातले निम्मे दिवस बिऱ्हाड घोड्यावर. मलाही घोड्याच्या पाठीवर उपडी बांधत. ज्या रानात मुक्काम पडे, तिथे तीन दगडांची चूल मांडली जाई आणि म्हाळसाबाईचे हात माझ्यात फिरू लागत. पुढे लागोपाठ दुष्काळ पडले. चारा संपला, मेंढ्या निम्म्या झाल्या. उरलेल्या घेऊन तिचा नवरा खंडेराव दूर पाण्याच्या मुलखात गेला. म्हाळसाबाई मला गोणपाटात गुंडाळून, नात अक्षदाचा हात धरून शहरात आली.

क्रांती चौकाजवळ तेव्हा 'रानओवी' नावाचे हॉटेल नुकतेच उघडले होते. पुण्याच्या एका कंपनीची अशी एकोणीस हॉटेले होती. म्हाळसाबाईला तिथे भाकरीचे काम मिळाले. तिथल्या स्टीलच्या परातीत तिची पहिलीच भाकरी चिरली.

"भाऊ, ह्यात माझा हात बसत नाय," ती मॅनेजरला म्हणाली. "घरची काठवट आणू का?"

मॅनेजर कृष्णा हा लासूर स्टेशनच्या शेतकऱ्याचा मुलगा. तो हसून म्हणाला, "आणा की, मावशी. माझी आई बी तसल्यातच थापती."

अशी मी हॉटेलात गेले आणि सात वर्षे राहिले. काय दिवस होते ते! गिऱ्हाईक स्वयंपाकघराच्या काचेला नाक लावून आम्हाला बघत. एकदा कंपनीचा फोटोवाला आला. म्हाळसाबाईचे हात, मी आणि पांढरीशुभ्र भाकरी, असा भिंतीएवढा फोटो त्याने काढला. तो एकोणीसही हॉटेलांत लागला म्हणे. मला मनातून फार अभिमान वाटला.

शहर वाढत होते. बायपासकडे मोठमोठी हॉटेले उभी राहत होती. नळाला मात्र आठ-आठ दिवस पाणी येत नसे. आमच्याकडे टँकर येई, म्हणून तालुक्याहून कामाला आलेली माणसे आवर्जून आमच्याकडेच जेवत. पिठले-भाकरी मागवत आणि तांब्या तांब्या पाणी पीत. दुपारी बसायला जागा मिळत नसे. हॉटेल उत्तम चालले आहे, अशी आमची सगळ्यांची खात्री होती.

तो मंगळवार होता. दुपारचा एक वाजलेला. माझ्यात ताजे पीठ मळलेले, तवा तापलेला. पुण्याचे दोन साहेब आत आले. त्यांतला एक कृष्णाला म्हणाला, "आता नवीन गिऱ्हाईक घेऊ नका. चार वाजता शाखा बंद होतेय."

"कोणती शाखा?" कृष्णाने विचारले. त्याला खरोखरच कळले नव्हते.

"हीच."

म्हाळसाबाईचा हात माझ्यात थांबला. ती म्हणाली, "सायेब, भाईर बाकड्यावर माणसं बसलीत. जागा नाय म्हून थांबलीत. मंग बंद का म्हून?"

"मावशी, माणसं मोजत नाहीत," साहेब शांतपणे म्हणाले. "माणशी बिल किती होतं ते बघतात. त्यात ही शाखा सगळ्यात खाली आहे."

कोणी ओरडले नाही, रडलेही नाही. जेवणाऱ्यांना तर काही कळलेच नाही. चार वाजता कंपनीचा एक माणूस प्रत्येक वस्तूवर नंबर चिकटवत फिरला. फ्रिजवर, तव्यावर, खुर्च्यांवर. माझ्या काठावर त्याने एकशे चौदा चिकटवला. कृष्णापुढे कंपनीच्या वस्तूंची यादी ठेवली आणि कृष्णाने ती न वाचताच तिच्यावर सही केली. म्हाळसाबाईने मला उचलायला हात घातला, तर तो माणूस म्हणाला, "नंबर लागलाय. हलवता येणार नाही." ती पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर पडली. शटर खाली आले.

अंधारात मी अकरा दिवस होते. माझ्यातले पीठ आधी आंबले, मग वाळले, मग दगडासारखे झाले. वाळताना ते मला आत ओढत होते. आठव्या दिवशी मी तडकले. त्याचा आवाज झाला, पण ऐकायला तिथे कुणी नव्हते.

बाराव्या दिवशी शटर उघडले. बाहेर ट्रक उभा होता. हमालांनी भिंतीवरचा तो मोठा फोटो काढला, तीन पदरी कापडात गुंडाळला आणि जपून ट्रकमध्ये ठेवला. एवढ्यात कृष्णा म्हाळसाबाईला घेऊन आला.

"मावशी, माझ्या सहीनं तुमची वस्तू अडकली," तो तिला म्हणत होता. "ती सोडवल्याबगर मी इथून हलणार नाय."

तो भांडायच्या तयारीनेच आला होता. पण ट्रकबरोबर आलेल्या साहेबांनी यादीवर बोट फिरवले आणि ते म्हणाले, "एकशे चौदा. लाकडी भांडं. किंमत शून्य. भंगारात टाकलंय. न्या ना."

कृष्णाने मला उचलून म्हाळसाबाईपुढे धरले.

"शून्य व्हय?" म्हाळसाबाई म्हणाली आणि तिने मला कडेवर घेतले. चौकातून घरापर्यंत तिने मला तसेच नेले.

कृष्णा आता बायपासच्या एका हॉटेलात आहे. त्याने तिलाही बोलावले होते. ती गेली नाही. घरीच भाकऱ्या करून जवळच्या वसतिगृहातल्या पोरींना देते.

पण त्या दिवशी घरी आल्यावर तिने काय केले, ते सांगते. नळाला पाणी यायला अजून चार दिवस होते. तिने हंडा उचलला आणि माझ्यात ओतला. अक्षदा धावत आली. "आजी, प्यायचं पानी हाय ते!"

"असू दे," म्हाळसाबाई म्हणाली. "हिनं अकरा दिवस काय पिलं?"

मग ती दुपारभर माझ्याजवळ बसून नखांनी ते पीठ खरवडत राहिली. माझी चीर काही बुजली नाही. अजून पाणी झिरपते.

मित्रांनो, दुकाने बंद होतात, हॉटेले बंद होतात. तुमच्यावरही मोठेपणी कधी एखादे बंद करायची वेळ येईल. तेव्हा यादी जरूर करा. पण कुलूप लावण्याआधी एकदा आत जा, आणि कुणाचे हात पिठात आहेत तेवढे बघा.