टॉवरला ऐकू येईना

मुलांनो, एका वर्गाची कल्पना करा. साठ मुलं, सगळी एकाच वेळी बोलतायत, आणि तरीही ज्याला ज्याचं ऐकायचं आहे त्याला ते नीट ऐकू येतंय. कसं शक्य आहे? समजा, बाईंनी प्रत्येक जोडीला एकेक सूर वाटून दिला. कुणाला अगदी खालचा, कुणाला वरचा. आपल्या सुरात बोलायचं आणि आपल्याच सुराला कान द्यायचा. दुसऱ्याच्या सुरात मात्र शिरायचं नाही. एकानं जरी तसं केलं, तर त्या जोडीचं बोलणं बुडालंच.

आपल्या डोक्यावरच्या हवेत हेच चाललेलं असतं. नवी मुंबईत जसे सेक्टर पाडले आणि सेक्टरांत प्लॉट पाडले, तसे हवेतल्या लहरींचेही पट्टे पाडलेत. टीव्हीच्या प्रत्येक चॅनेलला एक प्लॉट. त्यासाठी सगळं जग तीन विभागांत वाटलंय. युरोप आणि आफ्रिका पहिल्यात, दोन्ही अमेरिका दुसऱ्यात आणि आपण, आशियातले बरेच देश आणि ऑस्ट्रेलिया तिसऱ्यात. दर काही वर्षांनी सगळ्या देशांची माणसं एका शहरात जमतात, आठवडेच्या आठवडे घासाघीस करतात आणि कुठला पट्टा कशासाठी ठेवायचा ते ठरवतात. तरी सगळीकडचे प्लॉट सारखे नसतात. अमेरिकेत टीव्हीचं चॅनेल सहा मापं रुंद असतं, आपल्याकडे वरच्या पट्ट्यात आठ मापं; या मापाला मेगाहर्ट्झ म्हणतात. दोन वापरातल्या चॅनेलांच्या मधे काही प्लॉट रिकामे सोडतात, म्हणजे एकाचा आवाज दुसऱ्यात सांडत नाही. त्या रिकाम्या जागेत बिनवायरचे माइक आपला संसार थाटतात.

आणि कधी कधी जुन्या मालकाला उठवून जागा नव्याला दिली जाते. गेल्या काही वर्षांत टीव्हीसाठी ठेवलेला एक मोठा पट्टा देशोदेशी मोबाइल फोनकडे गेला. नवी मुंबईतल्या तळवली गावाच्या मुलांना हे फार समजवावं लागत नाही. आपल्या आजोबांची शेतं कुठल्या सेक्टरात गेली, ते त्यांना तोंडपाठ असतं.

तर आता तळवलीतली एक गल्ली डोळ्यांसमोर आणा. घरं इतकी चिकटून की समोरच्याच्या खिडकीतून मीठ मागता यावं. तिथे कमळाकरची चार मजली इमारत आहे. गच्चीवर मोबाइलचा टॉवर आहे, त्याचं भाडं येतं. गल्लीत सगळ्यांकडे त्याच कंपनीचं कार्ड. टॉवर आपल्या डोक्यावर असताना दुसऱ्याचं कार्ड कशाला घ्या, असा साधा हिशेब.

कमळाकरची मुलगी सोनल, वय अकरा. प्रश्न विचारून माणसाला भंडावणारी. मागच्या महिन्यात मोनाली नावाची एक इंजिनीअर टॉवरवर नवीन पेटी बसवायला आली, तेव्हा सोनल चहा घेऊन गच्चीवर गेली आणि कप रिकामा झाला तरी खाली उतरली नाही.

"हा टॉवर बोलतो की ऐकतो?" तिनं विचारलं.

"दोन्ही," मोनाली म्हणाली. "पण वेगवेगळ्या पट्ट्यांत. बोलायचा पट्टा वरचा, ऐकायचा खालचा. आधी हे पट्टे टीव्हीसाठी होते."

"आनि फोनवर त्या दांड्या दिसतात त्या?"

"त्या फक्त एवढंच सांगतात की टॉवरचं बोलणं फोनला ऐकू येतंय. फोनचं टॉवरला ऐकू येतंय का, ते दांड्या नाही सांगत." मोनालीनं कप परत दिला. "आता जा, नाहीतर तुझी आई मला ओरडेल."

सोनलची आजी शेवंताबाई धवलारीण होती. आगरी लग्नांत धवले, म्हणजे विधींची गाणी, गाणाऱ्या बाईचा मान भटजीइतका. घणसोलीपासून रबाळ्यापर्यंत कितीतरी जणांची लग्नं तिच्या धवल्यांनी लागली होती. पण गेल्या वर्षी तिच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि त्या पहाडी आवाजाची नुसती कुजबुज उरली. तिचा धाकटा मुलगा, सोनलचा रूपेशकाका, बोटीवर नोकरीला होता. त्याचं लग्न ठरलं तेव्हा त्यानं एकच हट्ट धरला: माझ्या हळदीला आयेच गाणार. अमेरिकेतल्या एका बंदरात त्याला चार बिनवायर माइकांची जुनी पेटी अगदी स्वस्तात मिळाली. ती स्वस्त का मिळाली, हे त्यानं विचारलं नाही. तिकडे तो पट्टा टीव्हीकडून काढून घेतल्यावर असे माइक वापरायला बंदी आली होती. इकडेही तो पट्टा मोबाइलचा झाला होता. पण पेटीवर तसं कोण लिहितं?

हळदीच्या दिवशी, ऊन उतरत असताना, गल्लीत मांडव भरला. रूपेश पाटावर बसला होता, कानापासून पावलांपर्यंत पिवळा. शेवंताबाईनं माइक ओठांना लावला आणि तिची कुजबुज मोठ्या स्पीकरमधून गल्लीभर पसरली. मांडवातल्या म्हाताऱ्या पदराने डोळे पुसायला लागल्या.

सोनल मात्र मांडवात नव्हती. ती तळमजल्यावरच्या मागच्या खोलीत गेली होती. तिथे सत्यभामाकाकू आणि त्यांचा मुलगा धनाजी भाड्यानं राहत. मूळचे साताऱ्याकडचे. काकूंचे मिस्टर मार्केटमध्ये माथाडी होते, ते वारले. धनाजी चोवीस वर्षांचा. सोनलला गणितं तोच शिकवायचा. त्याच्या दोन्ही किडन्या बंद पडल्या होत्या आणि आठवड्यातून तीनदा त्याला मशीनवर जाऊन रक्त साफ करून घ्यावं लागत होतं.

सोनलनं वड्यांची ताटली पुढे केली.

"मला नको," धनाजी म्हणाला. "आज उपास. किडनी आली तर पोट रिकामं पाहिजे."

"आनि नाय आली तर?"

"तर थंड वडे खाईन. मटण ठेव म्हणावं थोडं."

"गप रं," सत्यभामाकाकू म्हणाल्या. त्यांनी फोन दोन्ही हातांत धरला होता. "पोरी, दुपारी हॉस्पिटलातनं फोन आला हुता. एक किडनी मिळंल म्हनले. ह्याचा नंबर दुसरा हाय. पहिल्याचं जुळलं न्हाई तर लगीच ह्याला बोलवनार. फोन लागला न्हाई तर तिसऱ्याला."

"मग रेंज?"

काकूंनी फोन तिच्यासमोर धरला. चारही दांड्या. "बघ की. फुल्ल हाय. म्हनून तर इथनं हालत न्हाई मी."

तेवढ्यात बाहेर शेवंताबाईला ठसका लागला. खोकला स्पीकरमधून जाऊ नये म्हणून माइकचं बटण बंद करायचं, हे रूपेशनं तिला पक्कं शिकवलं होतं. स्पीकर गप्प झाला आणि दोन क्षणांत मांडवात फोन वाजायला लागले. एक, मग दुसरा, मग सगळीकडून टिंग टिंग. "आता कुठे मेसेज आले बघ," कुणीतरी म्हणालं.

काकूंचा फोनही हातात थरथरला. मेसेज होता: या नंबरवरून तुम्हाला दोनदा फोन आला होता. नंबर हॉस्पिटलचा.

काकूंनी तो नंबर दाबला. रिंग गेली. पलीकडून "हॅलो" ऐकू आलं. काकू म्हणाल्या, "मी धनाजीची आई बोलतीय," आणि त्याच वेळी बाहेर आजीनं पाणी पिऊन माइक पुन्हा चालू केला. फोन तुटला.

काकूंनी परत दाबला. मग पुन्हा. "लागंना," त्या म्हणाल्या. "दांड्या तर हायत. लागंना का गं?"

सोनल दारात उभी राहिली. स्पीकर बंद, फोन चालू. स्पीकर चालू, फोन बंद. तिला मोनालीताईचा रिकामा कप आठवला आणि ऐकायचा खालचा पट्टा आठवला. टॉवर बोलत होता, म्हणून दांड्या दिसत होत्या. पण आजीचा माइक गच्चीखाली टॉवरच्याच कानात गात होता, आणि मागच्या खोलीतल्या फोनचा बारीकसा आवाज त्याच्यापुढे टॉवरला ऐकू जात नव्हता.

की उगाच तसं वाटत होतं तिला? एकदाच तर झालं होतं.

"मी हायवेवर जातो फोन घेऊन," धनाजी उठला. पण काल मशीनवर जाऊन आल्यामुळे त्याचे पाय लटपटत होते, आणि गल्लीचं तोंड मांडवानं, खुर्च्यांनी आणि माणसांनी बुजलेलं होतं. काकूंनी त्याला धरून परत खाली बसवलं आणि फोन पुन्हा कानाला लावला.

सोनल माणसांच्या पायांतून वाट काढत पाटापाशी पोचली आणि काकाच्या कानाशी वाकली.

"काका, माइक बंद करायला सांग. काकूंचा फोन लागत नाय."

"रेंज नाय का?"

"रेंज हाय. टॉवरला ऐकू येत नाय. तुझ्या माइकमुळं."

रूपेश हसला. हसताना गालावरची सुकलेली हळद तडकली. "कोन बोलला?"

"मोनालीताई."

"टॉवरवाली? तिला काय म्हाईत माझ्या माइकचं? कधी बघितला तिनं?"

"नाय बघितला. पन धनाजीदादाला किडनी मिळतेय. हॉस्पिटलवाले दोनदा करून थकले. आता तिसऱ्याला देतील."

रूपेशचं हसणं गेलं. त्यानं आधी आईकडे बघितलं. शेवंताबाई डोळे मिटून गात होती. एका वर्षात ती घरातही दोन वाक्यांच्या वर बोलली नव्हती.

"सुरू झालेला धवला मधे तोडत नाय, बाय," तो हळू आवाजात म्हणाला. "तोडला की नवरा-नवरीला लागतो म्हनतात. आया-मावश्या सगळ्या बसल्यात. पोरीकडची मानसं पन हायत. अर्धा झालाय, संपू दे."

"तवर उशीर होईल."

"सोनल, तुला पक्कं म्हाईत हाय? माइकमुळंच होतंय ते?"

मुलांनो, इथे जरा थांबा आणि तिच्या जागी उभे राहून बघा. हो म्हणणं किती सोपं होतं. तिनं हो म्हटलं असतं तर काकानं कदाचित ऐकलंही असतं. पण ती खरं बोलली.

"नाय," ती म्हणाली. "पक्कं नाय."

"मग?" रूपेशनं विचारलं. तिला उडवून लावायला नाही, त्यालाही खरंच कळत नव्हतं. तेवढ्यात कुणीतरी त्याच्या खांद्यावर आणखी हळद चोपडली आणि त्याचं तोंड दुसरीकडे वळलं.

मागच्या खोलीच्या दारात सत्यभामाकाकू येऊन उभ्या होत्या. फोन कानाला, दुसऱ्या कानात बोट. त्यांचे ओठ हलत होते. मग त्यांनी फोन खाली घेतला, त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा कानाला लावला.

सोनल आजीपाशी गेली. आजी कडव्याच्या मध्यावर होती. तिच्या घोगऱ्या आवाजाच्या मागून बाकीच्या बाया एकेक ओळ उचलत होत्या. सोनलनं आजीच्या मनगटावर हात ठेवला, मग माइकवर. आजीनं डोळे उघडले. तिची पकड सुटेना. सोनलनं अंगठा बटणावर नेला आणि छोटा हिरवा दिवा विझेपर्यंत दाबून धरला.

स्पीकर गप्प झाला. बायांची ओळ अर्ध्यावर लोंबकळली आणि थांबली. आजीचे ओठ अजून हलत होते, पण समोर बसलेल्या बाईलाही काही ऐकू गेलं नसतं. "काय केलास गो हे?" मागून एक म्हातारी म्हणाली. मुलीकडच्या एका बाईनं दुसरीकडे बघितलं. कमळाकर खुर्ची सारून उठला. रूपेश पाटावरून अर्धा उठला आणि तसाच राहिला, कारण हळद लागलेल्या नवऱ्यानं पाट सोडायचा नसतो.

मग एक फोन वाजला. त्याच्यामागून आणखी वाजले.

दारातल्या सत्यभामाकाकू भिंतीला टेकल्या. त्या बोलत होत्या. लागला होता. पलीकडून काय उत्तर येत होतं ते इतक्या लांबून कळत नव्हतं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरूनही काही कळेना. त्या नुसत्या मान हलवत ऐकत होत्या.

"दे तो माइक इकडे," कमळाकर माणसांतून वाट काढत म्हणाला.

सोनलनं आजीच्या सैल झालेल्या मुठीतून माइक काढून घेतला, पण बाबांना दिला नाही. तिनं मागचं झाकण उघडून सेल काढले आणि फ्रॉकच्या खिशात टाकले. मग ती आजीला अगदी खेटून बसली, आपला कान तिच्या ओठांना लावला, आणि आजीनं ज्या शब्दावर धवला सोडला होता तिथून, आजी कुजबुजेल ती ओळ, आपल्या चिरक्या, बेसूर आवाजात, गल्लीच्या टोकापर्यंत पोचेल इतक्या मोठ्यानं म्हणायला लागली.