जोड दिसता कामा नये

साहेब, माझ्या बहिणीची शर्यतीची गाडी मजबूत होती तेव्हा तुम्ही ती तपासणीत नापास केलीत आणि तिचं कंबरडं मोडल्यावर पास केलीत. हा आरोप आहे. निवेदन नाही, नम्र विनंती तर नाहीच. नम्र विनंत्या तीन झाल्या. त्या तुमच्या टेबलावर चहाच्या कपाखाली आहेत, डोळ्यांनी बघून आलोय.

ज्यांना यातलं काही कळत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो, म्हणजे जाता जाता साहेबांनाही कळेल.

ड्रॅग शर्यतीची गाडी सरळ पळते. चारशे मीटर, शेजारी शेजारी दोन गाड्या, दहा सेकंदांत निकाल. वळण नाही, म्हणून लोकांना वाटतं त्यात काय मोठंसं. मोठंसं हे, की सुटताना इंजिनाचा सगळा जोर एका क्षणात मागची दोन चाकं धरणाऱ्या ॲक्सलवर येतो. तिथला जोड सुटला तर चाक एकीकडे, गाडी दुसरीकडे आणि आत बसलेलं माणूस तिसरीकडे.

आत बसणारं माणूस म्हणजे माझी ताई. वय चव्वेचाळीस, शहरात बस चालवते. या वर्गात पंचेचाळिशीनंतर परवाना मिळत नाही, हाही तुमचाच नियम. म्हणजे हाच हंगाम, आणि त्यातल्या तेव्हा उरलेल्या दोन शर्यती. आजवर ती दुसऱ्यांच्या गाड्या पळवायची. ही पहिली तिची स्वतःची.

गाडी मी बांधली. वेल्डर आहे मी. कॉलेजात गेलो होतो एकदा, गेट जोडायला. चौकटीची प्रत्येक नळी ताईच्या मापाने वाकवली. तिला सीटवर बसवायचो आणि डोक्यामागच्या कमानीचं अंतर हेल्मेटसकट मोजायचो. ती म्हणायची, "शिंपी बरा होता, तो निदान श्वास घेऊ देतो."

मागची चाकं रुंद, म्हणून ॲक्सलची नळी दोन्हीकडून कापून आखूड करायची आणि टोकाच्या कड्या परत जोडायच्या. बोलायला एक वाक्य, करायला नऊ दिवस. कारण वेल्डिंग तापलं की नळी ओढते, केसभर का होईना वाकते. त्यासाठी आरपार एक जाड सरळ गज घालून ठेवतात. बोटभर जोडायचं, गार होऊ द्यायचं, फिरवून समोरच्या बाजूला बोटभर. घाई केली की गज आत अडकलाच. सगळं जोडून झाल्यावर तो एका बोटाने फिरला तर नळी सरळ. नवव्या दिवशी ताईने स्वतः बोट लावलं. फिरला. तिने आणखी तीनदा फिरवून बघितला. आमच्या घरात याला कौतुक म्हणतात.

मग आली तुमची तपासणी.

तुमच्या खिशात नळीची जाडी मोजायचं यंत्र होतं. त्यावरचं प्लास्टिक अजून निघालेलं नव्हतं. तुम्ही पेनाच्या टोकाने जोडाला टोचलंत आणि म्हणालात, "हे काय? सुरवंट चिकटवलेत?"

"साहेब, वेल्डिंगचे खवले आहेत ते. एकसारखे असले म्हणजे जोड चांगला."

"दिसायला कसं दिसतं? पाहुणे येणार आहेत, फोटो होणार आहेत. घासून घ्या. जोड दिसता कामा नये."

मी तुमचंच नियमपुस्तक उघडलं. बेचाळिसावं पान. घासलेला, भरलेला किंवा झाकलेला जोड आढळल्यास गाडी बाद. वाचून दाखवलं.

तुम्ही म्हणालात, "पुस्तक मला शिकवू नका. त्यावर सही माझी आहे. गाडी नापास."

खरंच आहे. सही तुमचीच आहे. सही करायला वाचावं लागतं असं कुठे लिहिलंय?

तुमच्याच शेजारी उभ्या एका चकचकीत गाडीला तुम्ही पास केलंत. तिचे जोड दिसत नव्हते. आत होते की नाही, देव जाणे आणि तिचा ड्रायव्हर.

आता आमचे दाजी. ताईचे यजमान. गाड्या रंगवतात, हात सोन्याचा, डोकं त्याहून मऊ. शुक्रवारी सकाळीच मी बोल्ट आणायला दुसऱ्या गावी गेलो. संध्याकाळी परत आलो तर दाजी दारातच, दात काढून उभे.

"मेहुणे, पास! साहेब स्वतः येऊन बघून गेले. म्हणाले, याला म्हणतात काम!"

"पास? कसली पास? मी हातही लावला नाही."

"तू कशाला लावतोस? मी लावला ना."

मी खाली वाकलो. ॲक्सल लाल, गुळगुळीत, नवऱ्या मुलासारखा नटलेला. कडेला नख फिरवलं. फुगवटा गायब.

"दाजी, तुम्ही जोड घासलेत?"

"दोन तास! हात भरून आले. मग थोडी पुट्टी, वर दोन हात रंग. तुझ्या ताईसाठी तेवढं करायला नको का?"

प्रेमाने गळा दाबणाऱ्याला शिवी देता येत नाही. रंग उतरवला, पुट्टी खरवडली, माझं जुनं यंत्र लावलं. तीन मिलिमीटरची नळी एका जागी दीडवर आलेली. ग्राइंडरला जोड कुठे संपतो आणि नळी कुठे सुरू होते ते कळत नाही. दाजींनाही कळलं नाही. पण ते रंगारी आहेत साहेब, त्यांचं ते काम नाही. ज्याचं होतं तो "याला म्हणतात काम" म्हणून निघून गेला.

ताई ड्यूटीवरून आली. सांगितलं.

"शर्यत परवा आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"वरून परत जोडून टाक."

"दीड मिलिमीटरवर? जळून भोक पडेल. नळी कापायला लागेल. परत नऊ दिवस."

"साहेबांनी पास केलंय. तू कोण रे, मोठा साहेब?"

"तू बस. मी खाली पडलेले तुकडे गोळा करायला उभा राहतो."

ती भडकली. म्हणाली, लहानपणापासून माझ्या प्रत्येक गोष्टीत तू खोट काढतोस. मीही म्हणालो बरंच काही, ते इथे लिहिण्यासारखं नाही. दाजी कोपऱ्यात स्टुलावर बसले होते, लाल बोटं मांडीवर पसरून. शेवटी तेच म्हणाले, "मी घासलं. मी बसतो गाडीत. मोडली तर माझी मान मोडू दे."

ताईने त्यांच्याकडे बघितलं. "तुम्हाला रिव्हर्स तरी घेता येतो का धड?" मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "काप."

मी नळी कापली. कापताना ती बाहेर गेली. तिला आवाज ऐकवेना.

शनिवारी मी तुमच्याकडे आलो, पास झाल्याचा कागद परत करायला. आठवतंय? तुम्ही विचारलंत, "स्वतःच्याच गाडीची तक्रार करताय?"

"गाडीची नाही, तपासणीची."

"पास झालेली गाडी नापास करायचा अर्ज आमच्याकडे नाही. तुम्ही आणूच नका ना मैदानात. संपला विषय."

तुमचा संपला. रविवारी ताई कुंपणाबाहेर उभी राहून दुसऱ्यांच्या गाड्या बघत होती. तुम्ही मंडपात होतात. फोटो चांगले आलेत.

आता नवी नळी जोडलीय, पुन्हा नऊ दिवस घालून. दाजींनी ग्राइंडर कपाटात टाकून किल्ली ताईकडे दिलीय, कुणी मागितली नसताना. हंगामातली एकच शर्यत उरलीय. तिच्यानंतर ताईने आयुष्यभर बसच चालवायची.

गुरुवारी गाडी तपासणीला आणतोय. जोड उघडे आहेत. रंग नाही, पुट्टी नाही, खवला न् खवला मोजता येईल. यंत्रावरचं प्लास्टिक काढता येत नसेल तर सांगा, मी काढून देतो. पण उत्तर त्या दिवशी पेनाने टोचून द्यायचं नाही. आधी द्यायचं, लेखी, सहीसकट, कारण सही तुम्हाला छान येते.

न घासलेली गाडी घेऊन माझी बहीण पळणार आहे की नाही? हो की नाही, एवढंच लिहा. बुधवारपर्यंत.