कुंभवलीचं नाक

मंदाबाई सावे तारापूरच्या एका रंगाच्या कारखान्यातून निवृत्त झाल्या तेव्हा त्यांना निरोपादाखल एक शाल आणि एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. घड्याळ महिनाभरात बंद पडलं. शालीने त्यांचे यजमान आत्माराम स्कूटर पुसू लागले. प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं बाटल्या हुंगून कमावलेलं नाक तेवढं शाबूत राहिलं.

ते नाक भलतंच तिखट होतं. कारखान्यांना लागूनच असलेल्या कुंभवली गावातल्या घराच्या ओट्यावर उभं राहून मंदाबाई सांगायच्या, कुठे टाकी धुतायत, कुठे चिमणीची जाळी तुंबलीय आणि कोणी तपासणीवाले येऊन गेल्यावर लगेच झाकण उघडलंय. आत्मारामांची पालघरजवळच्या माहीमला चिकूची वाडी होती. ते अधूनमधून म्हणायचे, "चल, तिकडे राहू." मंदाबाई म्हणायच्या, "तिथे नुसता सुकटाचा वास. त्यात ओळखायचं काय?"

मुलगा मितेश बोटीवर नोकरीला. सून किंजल पालघरला एका कचेरीत संगणकावर काम करायची. सासूची रोजची बडबड ऐकून तिनेच दोन वर्षांपूर्वी त्यांना खातं काढून दिलं. मोठ्या कंपनीच्या ॲपवर नाही, तर 'कट्ट्या'वर. हा कट्टा पालघर स्टेशनजवळ संगणकदुरुस्तीचं दुकान असलेल्या कमलेशने चालू केला होता. दुकानाच्या पोटमाळ्यावर दोन यंत्रं घरघरत असायची, तेच कट्ट्याचं घर. अशी घरं देशभर आहेत, ज्याचा तो मालक, पण सगळ्यांची एकमेकांशी बोलाचाली. कट्ट्यावर लिहिलेलं नागपुरातलं कोणीही आपल्या घरात बसून वाचू शकतं.

मंदाबाईंनी नाव घेतलं 'नाक'. रोज सकाळी साडेसहाला त्या लिहायच्या: "सडक्या अंड्यावर कोणीतरी नेलपॉलिश ओतलंय. दुपारनंतर वारा गावाकडे वळेल. कपडे आत वाळवा." कधी संतापल्या तर: "ज्याने हे सोडलंय त्याच्या सासुरवाडीकडे वारा जावो."

लोकांना हे फार आवडलं. बघता बघता चार हजार जण नाकाच्या मागे लागले. बोईसरच्या बायका नाक वाचून मुलांना मैदानावर सोडू लागल्या. मंदाबाई वरवर म्हणायच्या, "मला काय त्याचं," आणि दिवसातून अकरा वेळा आकडा बघायच्या.

एका मंगळवारी सकाळी खातं उघडेना. मंदाबाईंनी पासवर्ड तीनदा घातला, चौथ्यांदा शिवी घालून घातला. नाहीच. दुपारी उशिरा जिवली आली. ती मागच्याच आळीत राहायची आणि एका कारखान्यात कंत्राटावर बाटल्या भरायची. दारातूनच ओरडली, "मंदाबाय, तुजा नाक फुटला काय गं?"

"का, काय झालं?"

"सकाळी लिवलास ना, हवा मोगऱ्यासारखी हाय, संध्याकाळपत्तुर दारं-खिडक्या उघड्या ठेवा? आयशीला मी अंगणात बसवून कामावर गेलू. आता येऊन बघतंय तं ती खोकून खोकून निळी पडलेली. दवाखान्यात नेऊन आणली."

जिवलीच्या आईला दमा होता. मंदाबाईंनी जिवलीचा फोन हातात घेतला. नाकाच्याच नावाने, नाकाच्याच चित्राखाली लिहिलेलं होतं: "आज कुंभवलीच्या हवेत मोगऱ्याचा सुगंध दरवळत आहे. चला, संध्याकाळपर्यंत दारं-खिडक्या उघड्या ठेवून मोकळा श्वास घेऊ या!"

"दरवळत आहे?" मंदाबाई म्हणाल्या. "मी मेले तरी 'दरवळत' लिहिणार नाय."

त्यांनी कमलेशला फोन लावला.

"मावशी, मीच करणार होतो फोन," कमलेश म्हणाला. "सुरक्षेसाठी तुमचा पासवर्ड बदललाय."

"आणि मोगरा कोणी लिहिला?"

तो म्हणाला, "कसं हाय मावशी, कट्ट्याची पण काही जबाबदारी असते. सारखं वाईट वाईट लिहून इथल्या उद्योगांची बदनामी होते."

"तुला कोणी सांगितलं?"

एका कारखान्याच्या जनसंपर्कवाल्याने सांगितलं होतं. त्यांच्या सगळ्या संगणकांची देखभाल कमलेशला मिळायची होती, फक्त नाकाने जरा सबुरीने घ्यावं एवढीच त्यांची विनंती होती. कमलेशने हे कबूल केलं नाही, पण 'वातावरण सकारात्मक ठेवायचं' असं तीनदा म्हणाला, त्यावरून मंदाबाई समजल्या.

"माझं खातं मला परत दे."

"खातं माझ्या घरात हाय ना मावशी."

"घर तुझं असंल. नाक माझं हाय," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि मग त्यांना रडू आलं. त्याचाही राग आला, कारण रडलं की नाक चोंदतं.

संध्याकाळी किंजल कामावरून आली. तिने पर्सही खाली ठेवली नाही. "मम्मी, चावी कुठे आहे?"

"कसली चावी?"

"खातं काढताना मी तुम्हाला चौसष्ट इंग्रजी अक्षरं-आकडे लिहून घ्यायला लावले होते बघा. जपून ठेवा म्हटलं होतं. मम्मी, तुमचं खातं कमलेशदादाच्या घरात नुसतं भाडेकरू आहे. सातबारा तुमच्या नावावर आहे आणि ती चावी म्हणजे तो सातबारा. चावी असली की आपण त्याला न विचारता बिऱ्हाड हलवू शकतो. नाव, लिहिलेलं सगळं, मागे लागलेली माणसं, सगळ्यासकट."

मंदाबाईंना आठवलं. प्रयोगशाळेच्या सवयीने त्यांनी ते चिकटपट्टीवर लिहून एका डबीला लावलं होतं. हिंगाच्या डबीला, कारण हिंगाची डबी घरात हरवत नाही. ती हरवली नव्हतीच. उन्हाळ्यात लोणचं घालायला म्हणून त्यांनी ती हिंगासकट माहीमच्या नणंदेला दिली होती.

दुसऱ्या दिवशी आत्मारामांनी स्कूटर काढली. वाटेभर ते म्हणत होते, "येवढ्या लांब हिंगाला कोण जातं?" नणंदेने डबी हसतमुखाने पुढे केली. घासून घासून ती आरशासारखी लख्ख केलेली होती. पट्टी अजून चिकटलेली होती, पण शाई उडत चालली होती. "किती मळली होती गं वहिनी," नणंद म्हणाली. मंदाबाईंनी तिच्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती नजर आत्मारामांनी लग्नानंतर दोनदाच पाहिली होती. त्यांनी पटकन स्कूटर चालू केली.

दरम्यान कट्ट्यावरचं नकली नाक सुटलंच होतं. बुधवारी मोगरा. गुरुवारी 'पारिजातकाची पखरण'. खाली लोक विचारत होते, "नाकाला सर्दी झाली का?" "नाक दारू प्यायलंय का?" एकाने तर श्रद्धांजली वाहिली. काहींना मात्र हे नवं नाक जास्त सुसंस्कृत वाटलं आणि तसं त्यांनी लिहिलंही. ते वाचून मंदाबाई जेवल्या नाहीत.

गुरुवारी संध्याकाळी किंजल लॅपटॉप घेऊन बसली आणि मंदाबाई भिंग घेऊन पट्टी वाचू लागल्या. त्रेसष्ट खुणा लागल्या. एकोणचाळिसावी लागेना.

"बी आहे का सहा?" किंजलने विचारलं.

"सहाच दिसतोय."

किंजलने सहा घातला. चुकीची चावी. मंदाबाईंनी डबी उजेडाला धरली, तिरकी केली, मग बोटाने हवेत आकडा काढून बघितला. "नाय. मी सहाला खाली शेपटी काढते. प्रयोगशाळेत शून्य आणि सहा मिसळले म्हणून साहेबाने एकदा सगळ्यांसमोर झापलं होतं, तेव्हापासून काढते. याला शेपटी नाय. बी घाल."

किंजलने बी घातलं. पडद्यावर हिरवी बरोबरची खूण आली. दोघी इतक्या जोरात ओरडल्या की आत्माराम पंचा सावरत न्हाणीघरातून बाहेर आले.

पण बिऱ्हाड हलवायचं तर नवं घर हवं. किंजलने शोधलं. काही घरं भरलेली, काहींना ओळखपाळख हवी. त्या संध्याकाळी नवीन माणसाला लगेच दार उघडणारं एकच सापडलं. सांगलीची एक प्राण्यांची डॉक्टरीण चालवत होती. नाव 'मनीमाऊ'. मांजरप्रेमींसाठी. अट एकच: महिन्यातून निदान एक मांजराचा फोटो.

"मला मांजरं आवडत नाय," मंदाबाई म्हणाल्या.

"मम्मी, कमलेशदादा आवडतो का?"

मंदाबाई मनीमाऊवर राहायला गेल्या. किंजलने कट्ट्यावरून सगळं लिखाण उतरवून घेतलं, चावी फिरवली, पंधरा मिनिटं काहीतरी गोल गोल फिरत राहिलं आणि मग नाक नव्या घरात हजर झालं. तेच नाव, तेच चित्र, मागची दोन वर्षं जशीच्या तशी. चार हजार माणसं कुठेही न हलता तिथेच होती, त्यांना घरमालक बदलल्याचं कळलंही नाही. कमलेशच्या हातात पासवर्ड होता, पण त्या पासवर्डाने उघडायला आत काहीच उरलं नव्हतं.

मोगरा आणि पारिजातकही सामानाबरोबर आले होते. "हे पुसून टाकते," किंजल म्हणाली.

"राहू दे. पुसलं तर लोक म्हणतील, असं काय झालंच नाय." मंदाबाईंनी या तीन दिवसांचे खरे वास वहीत टिपून ठेवले होते. प्रत्येक खोट्या फुलाखाली त्यांनी खरा वास, तारीख आणि वेळ टाकली. मंगळवारच्या मोगऱ्याखाली लिहिलं: "हे मी लिहिलेलं नाही. त्या दिवशी दुपारी तीनला घसा धरणारा क्लोरिनसारखा वास होता. हे वाचून एका आजारी बाईला अंगणात बसवलं होतं. तिला दवाखान्यात न्यावं लागलं." शिवी घातली नाही. जिवलीने हे आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, "माजा नाव पन घालायचा होता."

हे वाचून आठवड्याभरात कट्ट्यावर खाती असलेली निम्मी माणसंही बिऱ्हाड हलवून गेली. रविवारी सकाळी कमलेश स्वतः कुंभवलीला आला. ओट्याशी उभा राहिला, वर यायची त्याची हिंमत झाली नाही.

"मावशी, परत या ना. मी लिहून देतो, हात लावणार नाय."

"जिवलीच्या आईला भेटलास?"

"तिथूनच येतोय."

"काय म्हणाली?"

"काठी मारली." त्याने पोटरी दाखवली. मंदाबाईंना बरं वाटलं.

"हे बघ कमलेश, त्यांनी तुला काम दाखवलं, तू हुरळलास, ते मी समजू शकते. पण तू आदल्या दिवशी, सोमवारी संध्याकाळी, इथे येऊन गेला होतास. जिवलीने तुला नाक्यावर बघितलंय. इथल्या वासात उभं राहून माणूस दुसऱ्या सकाळी मोगरा कसा लिहितो?"

कमलेश चपलेने माती उकरू लागला. "मला वास येत नाय, मावशी."

"म्हणजे?"

"करोना झाला तेव्हापासून. काहीच नाय. सुरुवातीला डॉक्टर म्हणाले, येईल. आता पाचवं वर्ष हाय. त्या माणसाने सांगितलं, हवा चांगली हाय, म्हातारी उगाच लिहिते. मी इथे येऊन जोरजोरात श्वास घेतला. मला खरंच काय कळलं नाय. मग वाटलं, असेल चांगली."

"आणि मोगरा?"

"बायको लग्नात माळून आली होती. तेवढाच नीट आठवतो."

कारखान्यांच्या बाजूने वाऱ्याची एक झुळूक आली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आणून गेली. कमलेश तसाच उभा होता, त्याच्या चेहऱ्यावर काहीही उमटलं नाही. एवढ्या जवळून एखाद्याला असं बिननाकाचं उभं राहिलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. राग होताच, पण त्या रागाला आता बसायला नीट जागा मिळेना.

"मी परत येणार नाय," त्या म्हणाल्या. "ते विसर. पण मला सांग, घरात एकटा असतोस कधी?"

"बायको शाळेत जाते तेव्हा असतो. का?"

"शेगडी चालू राहिली, गॅस गळला, तर तुला कळेल?"

कमलेशने मान हलवली. नाही.

"गॅस गळला की वाजणारं यंत्र मिळतं. आज घे. उद्या नाय, आज. आणि ते लावून होईपर्यंत," मंदाबाईंनी त्याला हाताने ओट्यावर बोलावलं, "चहा बाहेर पीत जा. ये, बस. किंजल, एक कप वाढव गं."