ज्याचा भोंगा बंद केला तो फ्रीझर

मित्रांनो, मी एक जुना डीप फ्रीझर आहे. दिल्लीतल्या एका विद्यापीठात जिन्याखाली पडलो आहे, डोक्यावर मोडक्या खुर्च्या आहेत. माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

मी नवा आलो तेव्हा विभागप्रमुखांनी मला हार घातला होता. रसिका या पुण्याच्या संशोधक मुलीने मातीतले जिवाणू इवल्याशा कुप्यांत गोठवून माझ्या पोटात ठेवले. यमुनाकाठची माती तिने स्वतः उकरून आणली होती. त्यातल्या एका जिवाणूचं द्रव्य असं जालीम, की कुठल्याच औषधाला दाद न देणारे रोगजंतूही त्यापुढे मरत. त्याला मी जिवापाड जपलं.

मग जयदीप आला. तो संगणकावर औषधांचे रेणू जुळवून पाही. पोरगा हुशार, पण संगणक त्याचा देव आणि मी नुसतं कपाट. स्वतःच्या फायलींच्या तो तीन-तीन प्रती ठेवी. रसिका म्हणाली, "हा जिवाणू दुसऱ्या फ्रीझरमध्येही ठेवूया." तर हा म्हणतो, "अगं, त्याचा अख्खा जीनोम आहे माझ्याकडे, सगळ्या जनुकांची नोंद संगणकात आहे. टेन्शन मत ले यार!"

मे महिन्यात रसिका भावाच्या लग्नाला पुण्याला गेली. जाताना जयदीपला माझ्याकडे लक्ष ठेवायला सांगून गेली. दिल्लीची धूळ माझ्या हवा खेळायच्या जाळीत गच्च बसली होती. मी तापू लागलो, तसा भोंगा वाजवून ओरडलो. जयदीपची ऑनलाइन मीटिंग चालू होती. तो चरफडत उठला, "अच्छा बाबा, चूप!" म्हणाला आणि त्याने भोंग्याची तार उपटली. जाळीकडे त्या मेल्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

रसिका परतली तेव्हा संगणकाचा निकाल आला होता. तिच्याच जिवाणूचं द्रव्य सर्वांत सरस ठरलं होतं. पेढे वाटून झाले आणि तिने हसत माझं दार उघडलं. कुप्या कोमट होत्या. तिने त्यातले जिवाणू पुन्हापुन्हा वाढवून पाहिले, पण एकही जगला नव्हता.

"सर, ये डब्बा ही ख़राब था," जयदीप विभागप्रमुखांना म्हणाला. मग रसिकाकडे वळला, "पण जीनोम आहे ना आपल्याकडे."

त्याने उपटलेली तार तिने त्याच्यासमोर धरली. "जन्मपत्रिका हातात आहे म्हणून मेलेला माणूस उठून बसतो का रे?"

भंगारात मात्र मीच निघालो.

मित्रांनो, बोध हवाच असेल तर घ्या. कुणी ओरडत असेल तर तोंड दाबण्याआधी त्याला काय होतंय ते पाहा. माझं दार आता उघडू नका. आत झाडू ठेवले आहेत, आणि त्यांना मी जपत नाही.