राहून गेलेली एक काळजी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. मला हात नाहीत, गादी नाही आणि पाठ इतकी ताठ की बसणाऱ्याने लगेच उठावे. सुताराने मला उरलेल्या फळ्यांतून ठोकून काढले आणि मालकाच्या हवाली करताना म्हणाला, "पाहुणा फार वेळ टिकायला नको असेल, तर हीच पुढे करा." तो अपमान मी मुकाट्याने गिळला.

माझा मालक लाइनमन होता. विजेच्या खांबांवर चढून तो तारा जोडायचा. त्याची बायको घरी शिवणकाम करायची. सारी गल्ली तिला काकू म्हणते, म्हणून मीही म्हणते. काकू माझ्यावर कापडाचे गठ्ठे ठेवायची. तिचे हात मशीनवर असत, पण जीव सदा टांगणीला. पाऊस आला की नवऱ्याला शॉक लागणार, ऊन तापले की त्याला चक्कर येणार. झोप नाही, मान आखडलेली, पोटात गोळा. दिवसभर ती त्याला फोन करायची. तो हसून म्हणायचा, "मन चिंती ते वैरी न चिंती! अगं, मला मारायला वीज कशाला? तुझे फोन पुरेत."

एकदा खांबावर असताना तो तिचा फोन घ्यायला गेला आणि पाय सुटला. कमरेच्या पट्ट्याने वाचला. त्या दिवशी मात्र तो हसला नाही. काकूला समुपदेशक बाईंकडे घेऊन गेला.

बाईंनी सांगितले, काळजी मनात आली की तिला म्हणायचे, संध्याकाळी ये. चहानंतर एका ठरलेल्या जागी बसून ती मनसोक्त करायची आणि उठायचे. "पण जागा आरामाची नको हं, नाहीतर तिथंच मुक्काम ठोकाल." झाले! साऱ्या घरातून माझी निवड झाली आणि अंगावरचे गठ्ठे उतरले.

फोनही करायचा नव्हता. काय होईल असे वाटते ते सकाळी बोलून ठेवायचे आणि खरे काय झाले ते नंतर बघायचे. "आज शिडी निसटणार," काकू डबा भरताना पुटपुटायची. संध्याकाळी नवरा दारात हजर. "शिडी शाबूत आहे गं. भूक लागलीय, वाढ." असे करता करता चहा झाला तरी काकूला माझी आठवण येईनाशी झाली. कुणी मला विसरल्याचा एवढा आनंद मला कधीच झाला नव्हता.

एका सुट्टीच्या सकाळी तो दाढी करायला निघाला. काकू मशीनवर गुणगुणत होती. तो दारात थबकला. "गातेयस होय? गा, गा. आलोच मी."

सलूनच्या गुबगुबीत खुर्चीत, गालावर साबण असतानाच त्याचे हृदय बंद पडले. माझ्याच जातीच्या खुर्चीत गेला हो तो.

त्यानंतर काकू माझ्यावर बसली ती उठेचना. बाई घरी आल्या आणि तिच्यापाशी जमिनीवरच बसल्या.

"मी काळजी सोडली आणि हे गेले," काकू म्हणाली.

"काकू, तुम्ही खांबाची केलीत, तारांची केलीत, शिडीची केलीत," बाई हळूच म्हणाल्या. "दाढी करताना काही होईल, ही काळजी कधी केली होती?"

काळजीने माणूस राखला जात नाही, एवढेच बाईंना सुचवायचे होते. काकूने मान वर केली.

"नाही हो. तेवढी एकच राहिली माझ्याकडून."

बाईंनी काकूचा हात धरला आणि त्याही रडल्या.

बाई अजून येतात. काकू आता जेवते, शिवते. पण चहानंतर माझ्यावर बसून ती राहून गेलेली काळजी करते. दाराकडे बघून म्हणते, "आज नका जाऊ. दाढी घरीच करा." तेव्हा मला खुर्ची असण्याचीच लाज वाटते.

मित्रांनो, तुमच्या घरात असे कुणी असेल तर त्याला हसू नका. त्याला बाईंसारख्या जाणत्या माणसाकडे न्या. आणि एक गोष्ट स्वतःच्या तोंडाने आधीच सांगून ठेवा, की मला काही झाले तर ते तुझ्यामुळे नसेल. काकूला हे बाईंनी सांगितले, शेजाऱ्यांनी सांगितले. पण तिला ते एकाच माणसाकडून पटले असते.