चार-आठ दिवसांची आव

आमच्या दवाखान्यात कोणालाही विचारा, दुखणं कधीपासून आहे? उत्तर एकच: "झाले जी चार-आठ दिवस." गुडघा दहा वर्षांपासून धरलेला असो की खोकला दिवाळीपासून, चार-आठ दिवसच. पांढुर्ण्यात याचा अर्थ 'बरेच दिवस झाले, आता मोजत नाही' असा होतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. कळत नाही ते फक्त कॉम्प्युटरला; त्याला एकच आकडा लागतो, म्हणून आम्ही चार टाकतो. आणि मी, कळत असून, कॉम्प्युटरच्या बाजूने बसले.

मी तृप्ती. मधुकर डॉक्टरांच्या खासगी दवाखान्यात आजारांचे कोड टाकते. काउंटरवरचे विनोदभाऊ पेशंटला विचारून फॉर्म भरतात, डॉक्टर खाली दोन ओळी खरडतात आणि त्यावरून मी अक्षर-आकड्यांचा कोड लावते. कागदावर असेल तेच टाकायचं, आपलं डोकं चालवायचं नाही, असं ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. फार सोयीचं शिक्षण.

सोमवारी सकाळी चंचल मॅडम आल्या. सौंसरच्या. मोहगावच्या पुढे एका खेड्यात प्राथमिक शिक्षिका आहेत, वय बत्तीस. दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा आल्या तेव्हा साडी अंगावर नीट बसायची. आता पदराखालून हाडं दिसत होती.

"ताई, नागपूरले दुर्बिणीनं तपासलं. मोठ्या आतड्यात जखमा हायेत. जन्मभराचा आजार म्हणते डॉक्टर," त्या म्हणाल्या. "बदलीचा अर्ज केला, तर मेडिकल बोर्डानं परत पाठवला."

त्यांनी कागद पुढे केला. आजार वर्षाहून जुना असल्याचा पुरावा बोर्डाला हवा होता. नागपूरचा रिपोर्ट दोन महिन्यांचा. त्याआधीचा सगळा उपचार आमच्याकडे, आणि आमच्या कागदावर नऊ भेटी. नऊही वेळा तेच: आव, चार दिवस. आव म्हणजे संसर्गाची, कोड ए-झिरो-सिक्स. या बाईंना दोन वर्षांत नऊ वेळा नवी कोरी आव झाली होती आणि नऊ वेळा त्या ठणठणीत बऱ्या झाल्या होत्या, असं आमचा दवाखाना सरकारला सांगत होता.

"तुमच्या शाळेत संडास नाही का?" मी विचारलं.

"हाय ना. त्यात खिचडीची लाकडं भरून ठेवली. कुलूप हाय." त्या जमिनीकडे बघत बोलत होत्या. "दिवसातून दहा-बारा डाव जा लागते, ताई. रक्त पडते. मागच्या महिन्यात वर्गातच झालं. पोरं नाक दाबून बाहेर पळाली. मी खुर्चीवरून उठलीच नाही. सुट्टी होईपर्यंत तशीच बसून राहिली. बोरगावच्या शाळेत संडास उघडा हाय, घरापासून जवळ हाय. तेवढंच मागून राहिली मी."

मला त्यांच्या सांगण्याची किळस आली नाही, आमची आली. हीच बाई काउंटरशी उभी असताना विनोदभाऊ सगळ्यांसमोर विचारायचे, "मॅडम, परत समोसे हाणले का?" डॉक्टरांचं तर ठरलेलं होतं. आंबिया बहाराचा सीझन असला की संत्र्यांवर ढकलायचं, नसला की पाण्यावर. नऊ भेटींत एकदाही पोटावर हात ठेवून पाच मिनिटं विचारलं नाही.

मी डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेले. आजच्या तारखेची एक पुरवणी नोंद द्या म्हटलं, की हा त्रास तेव्हापासूनचाच आहे.

"म्हणजे मीच लिहून देऊ, की मले दोन वर्षं समजलं नाही?" ते बिस्किट चहात बुडवत म्हणाले. "पेशंटनंच चार दिवस सांगितले. मी काय करू? पुढच्या भेटीपासून जुना आजार लिहू. वर्षभरानं होऊन जाईल तिचं काम."

वर्षभर. बिस्किट तुटून कपात पडलं, ते त्यांनी बोटाने काढून खाल्लं. मला तिथे उभं राहवेना.

रेकॉर्डच्या खोलीत जाऊन मूळ फॉर्म काढले. आठ विनोदभाऊंच्या हातचे. पाचव्या भेटीचा मात्र वेगळा होता. त्या दिवशी गर्दी होती, म्हणून मॅडमनी फॉर्म स्वतः भरला होता. फळ्यावर लिहितात तशा ठसठशीत अक्षरात: 'त्रास कधीपासून – सव्वा वर्षापासून. रक्त व आव.' तारीख गेल्या वर्षीच्या जानेवारीची.

कागद हातात घेतला आणि मला आठवलं. ए-झिरो-सिक्सच्या पुढे मी सव्वा वर्ष टाकलं, तर चौकट लाल झाली. कॉम्प्युटर घेईना. जेवायची वेळ झाली होती. विनोदभाऊ म्हणाले, "चार दिवस टाक नं वं, सगळे तेच सांगतात." मी चार टाकले. चौकट हिरवी झाली आणि मी डबा उघडला.

डॉक्टरांना, विनोदभाऊंना मनात घातलेल्या सगळ्या शिव्या माझ्याच तोंडात परत आल्या. लाल चौकट म्हणजे कोड चुकला, एवढं कळण्याइतकी मी शिकलेली होते. डोकं चालवायचं नाही म्हणता म्हणता मी कागदावर होतं तेही टाकलं नव्हतं. ही माझी घाण, आणि ती बाई दीड वर्ष खुर्चीवर बसून सोसत होती.

माझ्या चुकीच्या दुरुस्तीला डॉक्टरांची सही लागत नाही. आजची तारीख टाकून मी लिहिलं: 'मूळ फॉर्मवर सव्वा वर्ष असताना मी चार दिवस अशी चुकीची नोंद केली.' खाली पूर्ण नाव, सही, रेकॉर्डचा शिक्का. मूळ फॉर्मची प्रत जोडली आणि मॅडमच्या हातात दिली.

त्यांनी वाचलं. मला वाटलं, रडतील किंवा आभार मानतील.

"तुम्ही केलं हे?" एवढंच म्हणाल्या, आणि कागद घडी घालून पर्समध्ये ठेवून सौंसरच्या बसला गेल्या. बरोबरच केलं त्यांनी.

गुरुवारी त्यांचा फोन आला. "बोर्डानं जुना आजार लिहून देल्ला." आणि, "बोरगाव होऊन जाईल, म्हणते." फोन ठेवला.

शुक्रवारी डॉक्टरांनी मला बोलावलं. टेबलावर माझ्या दुरुस्तीची प्रत होती. ते ओरडले नाहीत. चष्मा पुसत म्हणाले, "तू असं कर तृप्ती, सध्या चार-आठ दिवस घरी राहा."

"सर, चार की आठ?"

त्यांनी चष्मा लावला आणि पुढच्या पेशंटची बेल दाबली.

बाहेर विनोदभाऊंनी हजेरीचं रजिस्टर उघडलं होतं. माझ्या नावापुढे त्यांनी 'रजा' लिहिलं, आणि दिवसांच्या रकान्यात, मान वर न करता, चार.